सु. नसताना केलेला केक

२९ नोव्हेंबर, कुडवा (गोंदिया)

सज्ञान नागरिकाला स्वतःच्या घरात केस विंचरण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न आज सकाळी निकाली निघाला. नाही.

आंघोळ करून आलो, माझा कंगवा जागेवर नाही. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये लाटण्याच्या शेजारी कागदात गुंडाळलेला नवा कोरा लाल कंगवा. विंचरले. उरलेत तेवढे. मागे वळतो तर सासूबाई.

"जावईबापू! तो कुलकुलचा होय!"

खटला उभ्याउभ्या चालला. कुलकुलच्या पिठाची गोळी कंगव्याच्या दातांवर दाबायची आणि गुंडाळायची, तेव्हा त्या शंखासारख्या रेघा उठतात. त्यासाठी सुमन दर नाताळला नवा कंगवा आणते आणि कोणाच्या डोक्याला लागू देत नाही. इतकी वर्षं मुठीमुठीने कुलकुल खाल्ले, रेघा देवानेच पाडल्या असतील असं धरून चाललो होतो. शिक्षा: बाजारातून दुसरा आणणे. अपील नाही.

सुमन घरात असती तर पोट धरून हसली असती. (सुमन, यापुढे सु. शाई महाग आहे.) ती आठवड्यापासून नागपूरला, प्रीतीकडे. पोरीचं बी.पी. वाढतं, डॉक्टरने गोंदियाला यायला मनाई केली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर इथे माहेरच बॅग भरून नागपूरला गेलं. घरात मी आणि सु.ची आई. दोन जिभा, पंच कोणी नाही.

१ डिसेंबर

सु.चा फोन. "यंदा नाताळच्या फराळाचं सोडा. आलेल्यागेलेल्यापुरतं बेकरीतून आणा."

मी 'बरं' म्हणणार होतो. सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "तू नाई घरी तं येशू जन्माले येनार नाई का यंदा?" आणि फोन मला परत.

म्हणजे ठरलं. केक, कुलकुल, चिवडा, करंज्या. एकीला फार वेळ उभं राहवत नाही, दुसऱ्याला चहा-डाळभातापलीकडे काही येत नाही. मंडळ पूर्ण झालं.

फोनवरची दुसरी बातमी आधी लिहायला हवी होती. अनुपची, म्हणजे आमच्या जावयाची, बदली पुण्याला. फेब्रुवारीत जातील. प्रीतीचं काम तिथूनही चालतं, पण बाळाकडे बघायला कोणी नाही. दोघांनी सु.ला विचारलंय, आमच्यासोबत चल, वर्ष-दोन वर्षं. नव्या वर्षाच्या आत सांग म्हणाले, म्हणजे घर त्या हिशोबाने बघता येईल.

सु. मला म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "मला डाळभात येतो. मी काय पाळण्यात आहे?"

"बरं," ती म्हणाली.

साप्ताहिकातल्या माझ्या सदरात हे वाक्य छापलं असतं तर वाचक हसले असते. ती हसली नाही.

३ डिसेंबर

फळं भिजवायचा दिवस. मी गंजबाजारातून मनुका आणल्या, टुटीफ्रुटी, खजूर. सासूबाईंनी मनुकांची पुडी उघडून पाहिली आणि बंद केली, कोणी लाच दिल्यासारखी.

"ह्या कायले? मोहफुलं टाका."

त्यांचे वडील सालेकशाकडच्या गावांतून उपदेशकाचं काम करत. सायकल, पवित्र शास्त्र, आणि सात पोरं. मनुका गोंदियाला मिळत, आणि गोंदिया तेव्हा लंडनइतकंच लांब. मग त्यांची आई वाळलेली मोहफुलं निवडून, धुऊन, गुळाच्या पाण्यात भिजवून केकमध्ये घाली. "मनुका काय, नुसती गोड. मोहाले वास हाये."

वास हाये, हे मला माहीत आहे. अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे.

शेजारच्या कटरेभाऊंकडे गावाकडचा मोह असतोच. मागितला तर त्यांनी डोळा बारीक केला. "वहिनी नागपूरले, अन् तुम्ही मोह मागून राहिले?" केकसाठी, म्हणालो. "हो हो, केकसाठी," म्हणाले, आणि पिशवी भरून दिली.

दुपारभर फुलांतले केसर निवडले. नंतर संत्र्याच्या साली पाकात शिजवल्या. घरभर वास. सगळं काचेच्या बरणीत संत्र्याच्या रसात भिजवलं. बरणी गॅसच्या शेजारी, उबेला. झाकण मी स्वतः लावलं, चांगलं पिळून. एकही काम मी अर्धवट करत नाही.

७ डिसेंबर

कुलकुल. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, अंडं, कडक तेलाचं मोहन. मळायचं काम माझ्याकडे, नंतर दोघं समोरासमोर, मध्ये परात. नवा कंगवा (निळा).

माझे पहिले काही आळीसारखे झाले. सासूबाई एकेक उचलून बघत होत्या.

"हा काय?"

"कुलकुल."

"ह्याले पाय फुटले तं चालाले लागन."

दोन तास बसलो. हात चालू असले की माणसं बोलतात, आणि परातीत बघत बोलतात, म्हणून बरं असतं. पुण्याचं निघालं. मी काढलं नाही.

"जाऊ द्या तिले. लेकराले आजी पाहिजे. मी जातो आमगावले, राजूकडं."

राजू त्यांचा मुलगा. स्टेशनजवळ दुकान, वर घर. चांगला माणूस. त्याची बायकोही वाईट नाही, फक्त चहा देताना कप टेबलावर ठेवत नाही, आपटते. सासूबाई मागे एकदा तिकडे पंधरा दिवसांसाठी गेल्या होत्या, चौथ्या दिवशी परत आल्या. कारण दिलं, तिथे टीव्ही मोठ्याने लावतात.

"टीव्ही मोठ्याने लावतात म्हणालात," मी म्हणालो.

"आता मले आयकूच कमी येते."

चिमूटभर पीठ कंगव्यावर तसंच राहिलं थोडा वेळ. मग गुंडाळलं त्यांनी.

तळले मी. साखरेच्या पाकात त्यांनी घोळवले. वाईट झाले नाहीत. फोटो काढून सु.ला पाठवला. उत्तर: "आळ्या छान आहेत." मायलेकींनी वाटून घेतलंय मला.

९ डिसेंबर

सु. चहा गाळताना गाळणी भांड्याच्या काठावर तीनदा आपटते. एकदा या आवाजावर मी अख्खा लेख पाडला होता, लोकांना आवडला होता, सु.ला सोडून.

आज मीच आपटून पाहिली. तीनदा. तो आवाज नाही.

१० डिसेंबर

आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची गर्दी. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. दिवसभरात पंधरा घरांच्या कृपा छापल्या. घरी आलो तर

११ डिसेंबर

काल लिहिता लिहिता वाक्य तुटलं, कारण स्वयंपाकघरात बॉम्ब फुटला.

बरणी. झाकण पंख्याला लागून खाली, संत्र्याचा रस भिंतीवर, मोहफुलं कॅलेंडरवरच्या डिसेंबर महिन्यावर. वास असा की गांधीजींनी फोटोतून तोंड फिरवावं. फुलं आंबून उठली होती आतल्या आत, आणि झाकण मी पिळलेलं. सासूबाई खाटेवर बसल्या बसल्या हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत. मला वाटलं झटका आला.

"मोहाले कोनी झाकन दाबून लावते का बाप्पा? फडकं बांधाचं राहते."

"सांगायचं ना!"

"मले वाटलं तुमाले मालूम असन. तुमी लिवता ना पेपरात सगळं."

कटरेभाऊ कुंपणावरून. "भाऊ! वहिनी नाई तं भट्टीच लावली का घरी? पयल्या धारेची ठेवजा."

उरलेली फुलं मी फेकायला निघालो होतो. "फेकाले काय झालं? उकळा." उकळली, गूळ घातला, वास अर्धा गेला. आता फडकं बांधून ठेवलीत. झाकण माळ्यावर.

सु.ला फोन करून सांगायचं होतं. केला नाही. हे समोर बसून सांगायचं आहे, तिचा चेहरा बघत.

१४ डिसेंबर

मुलगी. सकाळी. दोघी बऱ्या.

सु.च्या आवाजात अठरा वर्षांची पोरगी शिरली होती. "अहो, केस बघा तिचे, केस!" फोनवर केस कसे बघणार. पण बघितले.

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना केली, लांब. मध्येच डोळे उघडून म्हणाल्या, "गूळ वाटा ना शेजारी, उभे काऊन?" पुन्हा मिटले.

१५ डिसेंबर

नागपूरला जाऊन आलो. सकाळची गाडी, संध्याकाळची परत. सासूबाईंजवळ कटरेवहिनी बसल्या.

बाळ हातात दिलं. वजन नाहीच काही, गरम भाकरी धरल्यासारखं. तिने माझ्याकडे पाहून जांभई दिली. सदराचे वाचक असंच करतात.

सु. दवाखान्याच्या बोळात थर्मास घेऊन आली. वाळलीय. सांगितलं नाही, तिला वाटलं असतं मी पुन्हा कशावर तरी लिहितोय. बाकावर बसलो. "बोला ना काहीतरी."

बरणीची गोष्ट सांगितली. भिंत, कॅलेंडर, पयल्या धारेची, सगळं. हसता हसता डोळे पुसले तिने. हसताना ती माझा दंड धरते. धरला.

मग म्हणाली, "ते पुण्याचं अनुप परत विचारत होता."

"हं."

"बाळ हातात आलं की नाही म्हणायला जड जातं हो."

मी म्हणायला तोंड उघडलं आणि सिस्टरबाईंनी आतून हाक मारली, "बाळाची आजी!" सु. अशी उठली, जणू तिचं हेच नाव जन्मापासून.

परतीच्या गाडीत तुमसरपासून तिरोड्यापर्यंत एक वाक्य जुळवलं. लहान, साधं, एकही टोमणा नाही. चांगलं झालं होतं. गोंदियाला फलाटावर उतरून फोन काढला, तिने उचलला, मी म्हणालो, "पोचलो. जेवलीस का?"

१८ डिसेंबर

केक.

लोणी-साखर फेटताना सासूबाई खुर्चीवरून हुकूम देत होत्या. एकाच दिशेने. थांबू नका. हात बदलू नका. हात बदलला तर काय होतं? "काई नाई होत. पन बदलू नका." साखर जाळून काळी केली रंगासाठी, मग अंडी, मैदा, मसाला, साली आणि ती बदनाम मोहफुलं. दोन टिन भरले. एक नागपूरला, एक घरी.

आमच्याकडे ओव्हन नाही, चर्चच्या मंडळीत फार कमी घरी आहे. दुपारी पाव निघाले की बेकरीची भट्टी निवत येते, तीच केकची आच. डिसेंबरच्या या आठवड्यात सत्तारभाई ती आच आमच्यासाठी सोडतात. बायका टिन मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या. पुरुष मी एकटा.

"भाभी नहीं आयी?" सत्तारभाई.

"नागपूर. नानी बन गयी."

"तो मिठाई आप लाओगे, या वो भी भाभी ही आके देगी?"

एका बाईंनी माझ्या टिनमध्ये डोकावून विचारलं, "भाऊ, केकच आहे ना, की प्रेसमधली खळ?"

टिन सगळे सारखे, चिठ्ठी लावली तर जळते. म्हणून प्रत्येक घर वर काजूने खूण करतं. कोणाचं अक्षर, कोणाचा क्रूस, एकीने तर चांदणी. माझे दोन्ही कोरे. सत्तारभाईंचं लांब दांड्याचं फावडं थांबलेलं. "निशानी?"

सु.ला फोन लावला. "आपली खूण काय?"

"इतकी वर्षं केक खाता, खूण माहीत नाही?"

"खाताना मी वर बघत नाही."

"एक बदाम. बरोब्बर मधोमध. बाकी काही नाही."

बदाम. दर नाताळला माझ्या बशीतल्या तुकड्यावर एक बदाम असतो. मला वाटायचं, केकमध्ये बदाम असतातच, सगळ्यांना येतात. मधोमध लावलेला एकच बदाम, आणि तो दरवर्षी माझ्याच तुकड्यात कापून यायचा, म्हणजे केक कापणारीने सुरी तशी

समोरच्या किराणा दुकानातून बदाम आणले. दोन लावायचे होते, पावशेर घेतले.

केक निघाले तेव्हा एक उंच, एक मध्ये बसलेला. उंच नागपूरला.

२० डिसेंबर

कटरेभाऊंचा भाचा नागपूरला चालला होता. त्याच्या हाती केक, कुलकुल, चिवडा दिला. स्टेशनवर त्याला चार सूचना केल्या. सरळ धर, वर काही ठेवू नको, उन्हात नको, खिडकीत नको. तो म्हणाला, "मामाजी, केक हाये की लेकरू?"

गाडी गेली. स्टेशनवर चहा घेऊन बसलो थोडा वेळ. कारण काही नव्हतं.

२१ डिसेंबर

तारा लावला अंगणात. दरवर्षी शिडी मी धरतो, चढते सु. यंदा शिडी कटरेभाऊंनी धरली आणि सगळा वेळ खालून राजकारण सांगितलं. तारा जरा तिरपा आहे. राहू दे.

२३ डिसेंबर

सु.चा फोन, दुपारी. प्रीती झोपली होती, बाळही. हळू आवाज.

"केक कापला." मग, "यात मोह आहे."

"हो."

"आईने सांगितलं?"

"हुकूम दिला. स्फोट झाला तो त्याचाच, तुला सांगितलं की."

"मला वाटलं तुम्ही गंमत करताय. खरंच मोह म्हणजे." तिकडे चमचा वाजला. "आमच्या आजीचा केक असाच लागायचा. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मनुकाच घातल्या. वाटायचं, कोणी हसेल."

"कोण हसणार?"

"तुमच्याशिवाय?"

दोघंही हसलो. हळू, कारण तिकडे बाळ झोपलेलं. इकडे का हळू हसलो माहीत नाही.

"बदाम खाल्लास का?"

"नाही. कापून बाजूला ठेवलाय."

"खा की."

"तो माझा नसतो."

फोन ठेवल्यावर प्रेसमध्ये जाऊन एका पत्रिकेवर वधूचं नाव वराच्या जागी बसवलं. वेळेत लक्षात आलं.

२४ डिसेंबर

संध्याकाळी गाणारी मंडळी आली, ढोलकी, पेटी, कानटोप्या घातलेली पोरं. अंगणात तीन गाणी. सु. दरवेळी दुसऱ्या गाण्याला वरचा सूर धरते, थोडा जास्तच वरचा. यंदा तो सूर कोणी धरला नाही. गाणं नीट झालं, सुरेल झालं.

मंडळींनी बशा रिकाम्या केल्या. "कुलकुल कोणी केले?" मी म्हणालो, मी. पाळकसाहेबांनी मला खांद्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आजाऱ्याला देतात तसा.

२५ डिसेंबर

सकाळी उपासना. सासूबाईंना रिक्षाने नेलं, नवं लुगडं, अत्तर. सगळ्यांना सलाम करून झालं की प्रत्येकजण विचारतो, "सुमनताई?" प्रत्येकाला नात झाल्याचं सांगितलं. पेढ्यांचा डबा संपला, प्रश्न संपले नाहीत.

दिवाळीत शेजारच्यांच्या फराळाच्या बशा आपल्याकडे आल्या होत्या, त्या आज भरून परत करायच्या. कोणती बशी कोणाची, हे सु.च्या डोक्यात. मी अंदाजाने वाटल्या. कटरेंची बशी बहुधा त्यांच्या समोरच्यांकडे गेली. त्यांचं त्यांनी बघावं.

दुपारी घरात पाहुणे. मी स्वयंपाकघरात चिवड्याची बशी भरत होतो. बाहेर सासूबाई फोनवर, स्पीकर लावून. त्यांना वाटतं स्पीकर लावला तरी आपल्यालाच ऐकू येतं.

"पोरी, आयक. जावईबापू तुही वाट पाहून राहिले."

मी बशी तशीच धरली.

"तोंडानं नाई सांगनार, त्यायले येत नाई. दुसऱ्याचं लिवता येते, सोताचं नाई. दिवसभर फोनकडं पाहून राहते मानूस. पीठ फेटतानी बी, सुमन असंच करते का, सुमन इतकं घालते का. ध्यान माह्या केकात कमी अन् तुह्यात जास्त होते."

सु.चं बोलणं ऐकू आलं नाही, गल्लीत कोणीतरी मोटरसायकल सुरू केली.

मग सासूबाई, "माहं काय? मी मजेत. राजू न्याले येनार हाये. माहं नको पाहू. तू जा."

बाहेर आलो तर त्यांनी फोन पुढे केला. चेहरा असा, जणू हवापाण्याचं बोलत होत्या.

"आई काय म्हणाली, ऐकलंत?" सु.

"ऐकलं."

"खरं का?"

तीन उत्तरं तयार होती. तिन्ही छापण्यासारखी. पाहुणे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो.

तिकडे बाळ रडलं. "बोलते नंतर," सु. म्हणाली. आवाज वेगळा होता.

नंतर बोलली नाही. आज बोलली नाही.

२६ डिसेंबर

राजूचा फोन. जानेवारीच्या सुरुवातीला आईला न्यायला येतो म्हणाला. सासूबाईंनी "ये बाबा ये" म्हटलं, जितक्या मोठ्याने म्हणता येईल तितक्या मोठ्याने.

सु.चा मेसेज, बाळाचा फोटो, टोपी घातलेली. खाली काही लिहिलेलं नाही.

२७ डिसेंबर

पापडाचा डबा शोधत कणगीच्या मागच्या फळीवर हात घातला. हाताला स्टीलचा डबा लागला, फडक्यात बांधून गाठ मारलेला. सोडला.

कुलकुल. माझे नव्हेत, त्यांचे. एकेक निवडून, सगळ्या रेघा सारख्या, एकावर एक नीट लावलेले. कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा, पाकातल्या संत्र्याच्या साली वेगळ्या पुडीत. आम्ही सगळं संपलं म्हणून पाहुण्यांना नुसत्या चहावर परत पाठवलं होतं परवा.

सासूबाई मागच्या अंगणात उन्हात बसल्या होत्या. डबा समोर नेला.

"आई, हे कोणासाठी?"

"उंदरायसाठी."

त्यांनी पदर सारखा केला.

"सुमन आली अन् तिले काई उरलंच नाई, असं नको व्हाले."

"पण तिला तुम्ही जा म्हणालात."

"म्हनाव लागते ना. ती पोट्टी तिकडं लेकरू सांभाळन की माहे पाय चेपन?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, "राजू चांगला हाये."

"हो."

"त्याची बायको बी."

"हो."

"तिथं मले कोनी काई म्हनत नाई." कुंपणाकडे बघून, "दिवसभर कोनीच काई म्हनत नाई."

मी डबा घेऊन आत आलो. गाठ तशीच मारली, त्यांनी मारली होती तशी. मग गच्चीवर गेलो.

माझं त्या बोलून गेल्या होत्या, भरल्या घरात. त्यांचं बोलायला कोणी नव्हतं.

सु.ला फोन लावला. म्हणालो, मध्ये काही बोलू नको, मला सवय नाही. तुझी आई मजेत नाही. तिला राजूकडे जायचं नाही. ती कपाचं आपटणं सांगत नाही, टीव्हीचं सांगते. काल त्याला 'ये बाबा ये' म्हणाली, ते तू ऐकायला हवं होतंस. आणि तिने फळीवर एक डबा लपवून ठेवलाय, तुझ्यासाठी. त्यात आमच्यापैकी कोणाला हात लावू दिला नाही. तू पुण्याला जायचं की नाही, ते तू ठरव. माझं तुला कळलंय. हे तिचं राहिलं होतं, म्हणून सांगितलं.

खाली कटरेवहिनी गहू वाळत घालत होत्या.

"अहो," सु. म्हणाली.

"हं."

"कुलकुल किती दिवस टिकतात, माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही."

"वारा लागला नाही तर महिनाभर राहतात. वारा लागला की नरम पडतात." आणि मग, "तिला सांगू नका मला कळलं म्हणून."

"नाही सांगत."

"ठेवते. दुधाची वेळ झाली."

खाली आलो. सासूबाई तशाच उन्हात, डोळे मिटून. झोपल्या होत्या की नव्हत्या, त्यांचं कळत नाही. डबा फळीवर, कणगीच्या मागे, होता तिथे ठेवला. ठेवण्याआधी फडक्यावरूनच झाकण एकदा दाबून पाहिलं.